मेळ-मिनिटांचा भाव

केतकी तोडकर कुठल्याही दुकानात शिरली की आधी काटा बघायची आणि मग काट्यामागचा माणूस. वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून नऊ वर्षं झाली होती. सोनारांचे काटे, पेट्रोल पंप, दुधाची मापं, सांगलीच्या हळद बाजारातले पोती जोखायचे मोठे काटे, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. रिकाम्या काट्यावर शून्य दिसलं नाही तर ती पुढचं एक अक्षर ऐकून घेत नसे. नवरा सुजय सांगायचा, "बघायला गेलो तेव्हा हिनं मला चहा दिला, पण आधी रिकामा कप तपासला." थापाड्याच तो, पण ही थाप अगदीच उगाच नव्हती.

अशा बाईनं स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मात्र शून्य न बघता माप मान्य केलं, आणि पुढचे पंधरा दिवस तीन बायकांना घास गोड लागला नाही. त्या पंधरा दिवसांची ही गोष्ट आहे.

लेक रेवा, दहा महिन्यांची. विश्रामबागेत त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पद्मजा मगदूम राहायची, मिरजेच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिचा अर्हम अकरा महिन्यांचा. दोघींची रजा एकाच महिन्यात संपली, तेव्हा दोघींनी मिळून एकच बाई ठेवली. कलावती माने, म्हणजे सगळ्यांची कलाक्का. छत्तीस हजार पगार, दोघींत निम्मा निम्मा. एक आठवडा खाली केतकीकडे, एक आठवडा वर पद्मजाकडे. कलाक्कानं आल्या आल्या दोन्ही घरच्या जुन्या साड्या मागून घेतल्या आणि एक भलीमोठी गोधडी शिवली. तिच्यावर दोन्ही पोरं शेजारी शेजारी. आठवडा बदलला की गोधडी जिना चढायची किंवा उतरायची.

सगळं सुरळीत होतं, आणि तेवढ्यात मेळपट्टी आली.

मेळपट्टीमागचं विज्ञान खरंच सुंदर होतं. माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं ठोके देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं किंचित कमी-जास्त होत असतं, श्वासाबरोबर, मनाबरोबर. मोठं माणूस बाळाकडे मन लावून बघतं, बोलतं, त्याला छातीशी धरतं, तेव्हा काही सेकंदांत बाळाच्या हृदयाची ही चढउतार मोठ्याच्या चढउतारीमागं चालायला लागते. दोघांचा मेळ बसतो. ज्या बाळांचा असा मेळ दिवसातून पुरेसा बसतो, ती लवकर शांत होतात आणि झोपतातही चांगली. पुण्याच्या एका कंपनीनं बाळाच्या घोट्याला बांधायची एक आणि सांभाळणाऱ्याच्या मनगटाला बांधायची एक, अशी पट्ट्यांची जोडी काढली. संध्याकाळी फोनवर आकडा यायचा: आज इतकी मेळ-मिनिटं.

आकडा आला की त्याचा भाव ठरायला कितीसा वेळ लागतो. वर्षभरात पाळणाघरं मेळ-मिनिटांची हमी द्यायला लागली. स्टेशन रोडवरच्या नव्या पाळणाघराची पाटीच होती: रोज दीडशे मेळ-मिनिटं, महिना बावीस हजार.

केतकीनंही पट्ट्या आणल्या. दोन्ही बाळांच्या आणि कलाक्काची, अशा तीन. महिनाभर आकडे टिपले आणि एका रविवारी सकाळी कागद घेऊन बसली. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर पाळणाघरात एका मेळ-मिनिटाला पडत होते पावणेसहा रुपयांच्या आत. कलाक्काकडे अर्हमला दिवसाला एकशे अठरा मिनिटं मिळत होती, म्हणजे पावणेसहाच्या जरा वर. आणि रेवाला एक्केचाळीस. म्हणजे मिनिटाला जवळजवळ सतरा रुपये.

"पैशाचं सोड," ती सुजयला म्हणाली. "एक्केचाळीस, सुजय. नऊ तासांत. ती बाई माझ्या पोरीकडे बघतसुद्धा नाही."

"रेवा रडते का?"

"नाही."

"जेवते?"

"जेवते रे. पण आकडा बघ ना."

सुजयनं आकडा बघितला आणि चहा टाकायला उठला. बायकोपुढे मापाचा वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

केतकीला खरंच लागलं होतं. आपण ऑफिसात जातो तेव्हा आपली लेक कुणाच्या तरी मायेत असते, या एका समजुतीवर तिचा सगळा दिवस उभा होता. त्या समजुतीखालची फरशीच कुणीतरी काढून घेतली होती.

सोमवारी तिनं कलाक्काला विचारलंच. कलाक्का पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ. अर्हमला मांडीवर घेऊन त्याच्या हिरड्या बोटानं चोळत होती. रेवा शेजारी बसून वाटी आपटत होती.

"अक्का, रेवाची एक्केचाळीसच मिनिटं भरतायत. तिला तुम्ही कमी घेता का हो?"

"व्हय की," कलाक्का सरळ म्हणाली. "ह्येला दात यायल्यात, किरकिरतंय. हिला घ्यायला कशाला पायजे? ह्येला घेतलं की ही आपसूक गप बसती. ह्यो निजला की ही निजती. येकाला थोपटलं की दोघं शांत व्हत्यात बगा. असली पोरं म्या बघितली न्हाईत."

केतकीनं त्यातलं पहिलं 'व्हय की' तेवढं ऐकलं. बाकीचं तिच्या कानावरून गेलं. कुठल्या तरी व्यापाऱ्यानं काट्याबद्दल सबब सांगावी तसं तिला ते वाटलं.

संध्याकाळी ती वर गेली आणि पद्मजासमोर कागद ठेवला.

"तुझ्या अर्हमला एकशे अठरा, माझ्या रेवाला एक्केचाळीस. मग पगार निम्मा निम्मा कसा?"

पद्मजानं कागद वाचला. पुन्हा वाचला. "म्हणजे मी काय करू? अर्हमचे दात उपटू?"

"मिनिटांच्या हिशेबानं वाटणी कर. नाहीतर मी रेवाला पाळणाघरात घालते."

"केतकी, बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी मला ताप आला तेव्हा तू अर्हमला आठ दिवस अंगावर पाजलंस. त्याचे किती रुपये लावू? सांग, देते."

"ते वेगळं गं."

"वेगळं नाही. तेव्हा तू मोजलं नव्हतंस, एवढंच."

केतकीला ते झोंबलं. पण ती हट्टाची. शिवाय पद्मजाचं उत्तर तिला भावनेचं वाटलं आणि आपला कागद खरा वाटला. छत्तीस हजार एकटीला पेलणार नाहीत हे पद्मजानं सांगायची गरज नव्हती; रेवा गेली की महिनाअखेरीला कलाक्काचं काम सुटणार हे दोघींनाही कळत होतं. तरी केतकी जिना उतरून आली.

पाळणाघराची रीत अशी होती की आठ दिवस बघा, आणि पटलं तर शनिवारी तीन महिन्यांचे पैसे भरा. जागा लख्ख होती. प्रत्येक बाळाला काचेची वेगळी खोली, आत पाळणा, खेळणी, मंद दिवा. ठरल्या वेळी सांभाळणारी ताई आत यायची, बाळाला छातीशी घ्यायची, बोलायची, गाणं म्हणायची. मुली प्रेमळ होत्या, कामात कुचराई नव्हती. पुढच्या सोमवारी रेवा तिथं जायला लागली आणि पहिल्याच दिवशी तिची मेळ-मिनिटं एकशे छप्पन्न.

"बघ," केतकी सुजयला म्हणाली.

मंगळवारी एकशे एकसष्ट. बुधवारी एकशे अठ्ठावन्न. आणि रेवा गप्प होत चालली. दिवसभर चालणारी तिची 'बा-बा-दा-दा'ची बडबड थांबली. वाटी हातात दिली तर ती धरून नुसती बसायची. गुरुवारी केतकी दुपारीच न्यायला गेली तेव्हा रेवा झोपली होती. उताणी, एक हात बाजूला लांब केलेला. झोपेतच तो हात गादी चाचपत होता. थोडा वेळ चाचपून थांबायचा, परत चाचपायला लागायचा. केतकी काचेबाहेर उभी राहून बघत होती.

जिन्यात पद्मजा भेटली. त्या भांडणानंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

"अर्हम कसा आहे?"

"आकडा विचारतेस की पोराचं?" पद्मजा म्हणाली. मग तिलाच राहवलं नाही. "आकडा एकशे नव्वद झालाय. अक्का दिवसभर कडेवरून खाली ठेवत नाहीत त्याला. ठेवलं की रडतो. रडून रडून घसा बसलाय गं त्याचा."

म्हणजे दोन्ही बाळांचे आकडे वाढले होते, आणि दोन्ही बाळं बिघडली होती. कुठल्याही काट्यावर असं झालं असतं तर केतकीनं तो काटा त्याच जागी सीलबंद केला असता.

शुक्रवारी ती हळदीच्या एका वखारीत तपासणीला गेली. तक्रार होती की पोत्यामागे वजन कमी भरतं. काटा कोरा, इलेक्ट्रॉनिक, रिकामा असताना शून्य दाखवत होता. वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवलं तर वीस. व्यापारी हात बांधून उभा. ज्या बाईंनी तक्रार केली होती त्या कवठेपिरानच्या, आपल्या पोत्यांजवळ बसून होत्या. केतकीनं पोती जोखायची कळ दाबायला लावली आणि काट्यावर एक रिकामं पोतं टाकलं.

पडद्यावर शून्य यायला हवं होतं. आलं वजा सातशे ग्रॅम.

मालाचं वजन करताना भांड्याचं किंवा पोत्याचं वजन आधी वजा करतात. जुनी माणसं त्याला धडा करणं म्हणतात. पोतं भरतं सातशे ग्रॅम. या पठ्ठ्यानं यंत्रात वजावट लावली होती चौदाशे. प्रत्येक पोत्यामागे सातशे ग्रॅम हळद पोतं म्हणून वजा होत होती.

"बाई, काटा तर बरोबर हाय न्हवं?" व्यापारी म्हणाला.

"काटा बरोबर आहे. तुम्ही मालालाच पोतं म्हणताय," केतकी म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

सील करायची पितळी चिमटी हातात तशीच राहिली. तिच्या डोक्यात एकच प्रश्न उभा राहिला होता: मेळपट्टी काय वजा करते?

मापावर जे विकलं जातं ते तिच्या खात्याच्या कक्षेत येतं, मग ती हळद असो की माया. कंपनीला पत्र गेलं. स्वतःच्या लेकीचा संबंध म्हणून केतकीनं सही केली नाही. ती तिचे सहकारी बिराजदार साहेब यांनी केली. दुपारी चारपर्यंत पडताळणीसाठीचा कूटशब्द आला. तो टाकल्यावर फोनच्या पडद्यावर एक नवा रकाना उघडला. कधीच कुणाला न दिसलेला. वर नाव होतं: वजावट.

खाली खुलासा होता. एकाच खोलीत दोन बाळांच्या पट्ट्या असल्या, तर दोघांच्या हृदयाच्या लयीत जे जे सारखं दिसेल ते खोलीतल्या आवाजाचं समजावं: दार आपटलं, भोंगा वाजला, मिक्सर सुरू झाला. ते आधी वजा करावं आणि उरेल तेवढंच सांभाळणाऱ्याशी ताडून बघावं. बनवणाऱ्यांचा त्यात काही डाव नव्हता, विचारही बिनचूक होता. फक्त खोलीतली दुसरी वस्तू म्हणजे दुसरं बाळ असू शकतं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आणि बाळं एकत्र ठेवली की आकडा खाली येतो म्हणून पाळणाघरांनी बाळांना काचेच्या वेगवेगळ्या खोल्यांत घातलं होतं. सांगलीत, कोल्हापुरात, सगळीकडे.

शनिवारी पाळणाघराच्या पैशाची मुदत होती. केतकी सकाळी रेवाला कडेवर घेऊन वर गेली. पद्मजानं दार उघडलं आणि बाजूला झाली.

"मला दोन तास दे," केतकी म्हणाली. "मग मला घालवून दे हवं तर."

कलाक्का आत गोधडीची घडी घालत होती. केतकीकडे बघायलाही तयार नाही. पण रेवानं अर्हमला बघितलं आणि कडेवरून अशी काही झेप घेतली की केतकीच्या हातून निसटायचीच. गोधडी परत पसरली गेली. दोघं समोरासमोर बसली. अर्हमनं रेवाचे केस धरले. रेवानं त्याच्या पोटावर हात ठेवला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा म्हणाली, "दा."

"अक्का, तुमच्या हातातली पट्टी काढा आणि बाहेर बसा," केतकी म्हणाली. "रिकामा काटा बघायचाय मला."

पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. दोघी आयाही बाहेर, सांभाळणारी बाईही बाहेर, सगळ्या दाराच्या फटीतून बघत. तासाभरानंतर केतकीनं फोन उघडला. मेळ-मिनिटं शून्य, कारण सांभाळणारं कुणी नव्हतंच. शेजारच्या रकान्यात वजावट: साठांपैकी चव्वेचाळीस मिनिटं.

"हा खोलीचा आवाज म्हणे," केतकी म्हणाली. "ऐकू येतोय का कुठे?"

मग दुसरी पडताळणी. रेवा एका खोलीत, अर्हम दुसऱ्या, दारं बंद, दोन्ही पट्ट्यांना एकच खोली असल्याचं सांगितलेलं. पद्मजानं मधल्या बोळात उभं राहून मिक्सर फिरवला, दार आपटलं, पातेलं वाजवलं. अर्हमनं भोकाड पसरलं म्हणून वीस मिनिटांतच थांबवावं लागलं. सगळ्या गोंगाटाची मिळून वजावट एक मिनिट.

आता शंकेला जागाच नव्हती. वजा होत होता तो आवाज नव्हता. ती रेवा आणि अर्हम होती. एकाचं हृदय दुसऱ्याच्या हृदयामागं चालत होतं, दिवसाचे कितीतरी तास, आणि यंत्र तो मेळ झाडून टाकत होतं. ज्या भागीदारीला दोघी एकटीला परवडत नाही म्हणून केलेली तडजोड समजत होत्या, त्यातच पोरांचं सगळं सुख साठलेलं होतं.

केतकीनं फोन पद्मजाच्या हातात दिला. "चूक माझी आहे. यंत्राची नंतर. मी रिकामं पोतं टाकून बघायला हवं होतं, आणि मी तुझ्यावर खेकसले. तू जे म्हणालीस ना, तेव्हा मोजलं नव्हतंस म्हणून, ते मला फार लागलं. लागायलाच हवं होतं."

पद्मजा आकड्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, पण तोंड वाकडंच. "चव्वेचाळीस," ती म्हणाली. "आता याची वाटणी कशी करणार, ते सांग."

केतकी हसली आणि मग तिला रडू आलं. पद्मजानं तिला जवळ घेतलं.

कलाक्का मात्र उंबऱ्याशीच उभी होती. "माझं काम सुटलंय ताई. मिरजेच्या डॉक्टरांकडं सोमवारपासनं जायाचं ठरलंय. येकच बाळ, तीस हजार."

मुदत पाळणाघराची नव्हती, खरी मुदत ही होती.

"अक्का, जाऊ नका," केतकी म्हणाली. "तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकाला थोपटलं की दोघं शांत होतात. मी ऐकलं नाही."

"ऐकलं न्हाई ते न्हाईच. वर माझ्या मायेला आकडा लावला. एक्केचाळीस म्हनं. घरी जाऊन म्या नवऱ्याला सांगितलं, तर दोन दिस त्यो मला एक्केचाळीस म्हनून हाक मारत हुता." मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि डोळे बारीक केले. "आन् आता काय म्हन्ता, पोरंच पोरांना सांभाळत्यात. मग माझा पगार आनि कमी करनार व्हय?"

"माल काट्यावर आपोआप येत नाही, अक्का. कुणीतरी ठेवावा लागतो. आम्ही दोघींनी दोन पाळणे आणले होते. गोधडी तुम्ही शिवलीत. दोघांना शेजारी तुम्ही ठेवलंत."

कलाक्कानं थोडा विचार केला. गोधडीवर अर्हम डोळे चोळत होता. लगेच रेवानंही डोळे चोळले.

"चाळीस," कलाक्का म्हणाली. "दोघींनी निम्मं निम्मं. कुनाला जास्त कुनाला कमी, ही भाषा ह्या घरात परत काढायची न्हाई. आन् तसलं कडं माझ्या हातात घालायचं न्हाई."

"वीस-वीस," पद्मजा लगेच म्हणाली. "पाळणाघरापेक्षा दोन हजार कमीच."

"मोजलंसच," केतकी म्हणाली.

"तुझ्या संगतीनं."

कलाक्कानं तिथूनच मिरजेला फोन लावला. डॉक्टरीणबाईंना तिनं काम नाकारलं आणि शेजारीपाजारी आणखी एखादं तान्हं असलं तर दोघांना मिळून बाई ठेवा, असा सल्लाही फुकट दिला.

सोमवारी बिराजदार साहेबांनी अहवालावर सही केली. मेळपट्टीवर मेळ-मिनिटं विकायला पडताळणी पूर्ण होईपर्यंत मनाई. दोषाच्या रकान्यात तीनच शब्द होते: वजावट मालाचीच होते. कंपनीचा माणूस फोनवर आधी तावातावानं बोलला, मग चव्वेचाळीसचा आकडा त्यानं पुन्हा सांगायला लावला, आणि शेवटी विचारलं की ती दोन बाळं बघायला येऊ का. दोन महिन्यांत स्टेशन रोडवरच्या काचा निघायला लागल्या. पण ते नंतरचं.

त्या सोमवारी सकाळी केतकी रेवाला वर सोडायला गेली. आठवडा पद्मजाकडचा होता. तिन्ही पट्ट्या तिनं डब्यात घालून खात्याच्या पुराव्यासाठी बंद केल्या होत्या. कलाक्कानं दोघांना न्हाऊ घालून गोधडीवर निजवलं होतं. अर्हम झोपला होता. रेवाचा हात बाजूला लांब झाला, एकदा चाचपला, आणि अर्हमच्या पाठीवर जाऊन थांबला. मग तो परत हलला नाही.

"आता जावा की ताई, उशीर व्हईल," कलाक्का हळूच म्हणाली.

केतकीनं मान डोलावली आणि गोधडीच्या कडेला, तिच्या स्वतःच्या जुन्या निळ्या साडीच्या तुकड्यावर बसली. किती वेळ बसली ते तिनं बघितलं नाही.